पाच मिनिटांचा ब्रेक

सोमवारी जर्नल सबमिशन होतं, म्हणून शनिवारी रात्री मी वेळापत्रक करायला बसलो. चार रंगांची स्केचपेनं, पट्टी, आखीव चौकोन. दोन तास गेले, पण देव्हाऱ्याशेजारी टांगावं इतकं देखणं झालं.

पद्धत पोमोडोरो. म्हणजे इटालियनमध्ये टोमॅटो. १९८० च्या दशकाच्या शेवटी फ्रान्चेस्को चिरिलो हा विद्यार्थी टोमॅटोच्या आकाराचा किचन टायमर लावून अभ्यासाला बसायचा. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं ब्रेक.

रविवारी सकाळी आईला बजावलं, "२५ मिनिटं हाक मारू नकोस."

"का? अंडी उबवायला बसलायस?"

पहिल्या फेरीत समास आखून झाले. मोबाइलचा टायमर वाजला. नियम म्हणजे नियम, मी उठलो.

चिरिलो बहुधा ब्रेक एकटाच घेत असावा. आमच्या कोल्हापूरच्या पेठेत तशी सोय नाही. खाली गाडीचा हॉर्न वाजला. "भावा, पाच मिनिटं. नुसती मिसळ."

आता मिसळ पाच मिनिटांत कोण खातं? पाव संपला की कट उरतो, कट संपला की पाव. दोन्ही एकदम संपेपर्यंत अकरा वाजले. मग ती जिरवायला रंकाळ्यावर एक फेरी. तिथं कुणीतरी आठवण केली, चारला शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीची फुटबॉल मॅच.

मी म्हटलं, "कामाचे चार भाग करायचे असतात. तातडीचं कुठलं, महत्त्वाचं कुठलं, आधी ते बघायचं."

"मॅच तातडीची बी हाय आणि महत्त्वाची बी. जर्नल उद्या हाय."

यावर काय बोलणार? अंबाबाईच्या किरणोत्सवाला सूर्य दरवर्षी ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी ठरल्या वेळी चरणांपासून मुखापर्यंत पोचायला निघतो. त्यालाही कधी ढग आडवे येतात. मला तर अख्खी पेठ आडवी येते.

मॅच जिंकली. ती जिंकली की घरी कधी पोचायचं हे आपल्या हातात राहत नाही. वाटेत गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध झालं, तेही दोन-दोन ग्लास.

रात्री साडेअकराला जर्नल उघडलं. समास सरळ होते. तेवढ्यात मेसेज आला: "भावा, तू सकाळीच बसलावतास. झालं असंल की. फोटो टाक, पाच मिनिटांत उतरवून घेतो."

मी वेळापत्रकाचा फोटो टाकला.

"नाद खुळा," त्याचं उत्तर आलं. "फुडची पानं टाक."