डिझेल फिल्टरवर सिलिकॉन फासू नका

पुण्यातल्या टेम्पोवाल्यांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘डिझेल फिल्टर हवा ओढतोय? सीलवर सिलिकॉन फासा, खर्च वाचवा.’ कृपया तो पुढे पाठवू नका. साधं सिलिकॉन डिझेलमध्ये फुगून सुटतं आणि तुकडे आत जाऊ शकतात.

बऱ्याच गाड्यांत फिल्टर पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. म्हणून बाहेर थेंब न गळताही हवा आत शिरते. थोडा वेळ पारदर्शक डिझेल पाइप जोडा, बुडबुडे दिसतील. मग सील, बोल्टखालचे वॉशर, पाइपच्या क्लिपा बदला. नाना पेठेत हे स्वस्तात मिळतं (डिझेलला चालणारंच रबर मागा). नवं सील डिझेलने ओलं करून बसवा, फिल्टरजवळच्या छोट्या हातपंपाने डिझेल ओढून आतली हवा काढा. कॉमन रेल गाडीत (जिथे एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरना खूप दाबाने डिझेल जातं) मात्र इंजेक्टरच्या पाइपांना हात लावू नका. तिथला दाब जीवघेणा असतो.