कोडिंग राहू दे, पण हे तरी शिकवा

आज पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने टाकलं, "कोडिंग आता एआय करतंय, मुलांच्या डोक्याला कशाला ताप?" आणि खाली धडाधड अंगठे. डोकंच फिरलं माझं. अहो, मुलांना शिकवायचं असतं ते कॉम्प्युटेशनल थिंकिंग, म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांसारखा विचार करणं, आणि ते म्हणजे कोडिंग नव्हे! मोठा प्रॉब्लेम फोडून लहान करायचा, त्यातलं नको ते बाजूला सारायचं, पुन्हापुन्हा काय येतंय ते हेरायचं आणि मग दुसऱ्या कुणालाही जमेल अशा पायऱ्या मांडायच्या, एवढंच आहे ते. कॉम्प्युटर शास्त्रज्ञ जॅनेट विंग यांनी २००६ मध्येच लिहून ठेवलंय की वाचन, लेखन, अंकगणिताच्या जोडीला हे प्रत्येक मुलाला यायला हवं. प्रत्येक मुलाला! आणि आपण अजून कोडिंगची भाषा कुठली, पायथन की जावा, यातच अडकलोय.

माझ्या भाचीचं सांगते. पानभर समीकरण सोडवायची, उत्तर चुकलं की अख्खं पान खोडून पहिल्यापासून सुरू, आणि मग रडारड, "मला गणित येतच नाही." तिला म्हटलं, खोडू नकोस, पुस्तकाच्या मागे दिलेलं बरोबर उत्तर घे आणि मधल्याच एका ओळीत घालून बघ. दोन्ही बाजू जुळल्या तर चूक खाली, नाही जुळल्या तर वर. मग उरलेल्या भागाचा परत मध्य. बघता बघता सापडली ओळ: −३(क्ष − ४) चा कंस सोडवताना तिने −३क्ष − १२ लिहिलं होतं, तिथे अधिक १२ हवे होते. एक चिन्ह हो! बाकी पान ठीकठाक.

ही निम्म्याची युक्ती कॉम्प्युटरवाले रोज वापरतात. १ ते १००० मधला मनात धरलेला आकडा १० हो-नाही प्रश्नांत सापडतो तो असाच. पण मला त्या युक्तीपेक्षा पोरीचा चेहरा महत्त्वाचा वाटला. "मला येत नाही" वरून गाडी "सातव्या ओळीत चुकलं" वर आली होती, आणि सातवी ओळ दुरुस्त करता येते ना.

गणितज्ञ सेमूर पॅपर्ट वगैरे मंडळींनी १९६७ मध्ये लोगो ही मुलांसाठीची कोडिंगची भाषा आणली ती याच ओढीने. त्यात मूल स्क्रीनवरच्या, रेषा काढत चालणाऱ्या कासवाला समभुज त्रिकोण काढायला सांगतं, कोन ६० चा म्हणून ६० अंश वळवतं, आणि त्रिकोण मिटतच नाही. मग स्वतः उठून त्या रेषांवरून चालून बघतं तेव्हा कळतं की कोपऱ्यावर १२० वळावं लागतं. कुणी ओरडत नाही, कुणी हसत नाही. किती छान आहे हे.

हो, मान्य, नुसता क्लास लावला म्हणून पोरगं सगळ्याच विषयात हुशार होत नाही, आणि स्क्रीनचा त्रासही खराच. पण माझ्या भाचीला कुठे स्क्रीन लागली? कागद आणि पेन्सिल होती.

आणि एआयचं म्हणाल तर त्याने दिलेलं उत्तर चूक की बरोबर हे कोण बघणार? ज्याला ओळीओळीने तपासायची सवयच नाही तो जे येईल ते छापून मोकळा होणार, आणि हे कुणालाच दिसत नाहीये याचा खरा संताप येतो मला.

पेपर तपासणाऱ्या शिक्षकांना हात जोडून सांगते, शेवटच्या उत्तरावर लाल फुली मारून वही परत देऊ नका. पहिल्यांदा कुठल्या ओळीत बिघडलं ते पोराला शोधायला लावा आणि शोधलं तर त्याचे मार्क द्या. पूर्ण नका देऊ, अर्धा द्या, पण द्या.