खुलासा : दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट आवाज नव्हे

नाशिकच्या काही व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या फिरतंय : ‘पहिला स्टिरिओ घेताना 50 ऐवजी 100 वॅटचा ॲम्प्लिफायर घ्या, आवाज दुप्पट होईल.’ हे चूक आहे. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त 3 डेसिबलने (डेसिबल म्हणजे आवाजाची पातळी मोजायचे एकक) वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल हवेत, म्हणजे दहापट वॅट! तीच 3 डेसिबलची वाढ 87 ऐवजी 90 डेसिबल सेन्सिटिव्हिटीचे (सेन्सिटिव्हिटी म्हणजे ठरावीक वॅटवर स्पीकर किती मोठा आवाज देतो, त्याचे माप) स्पीकर घेतले, तर आहे त्याच ॲम्प्लिफायरवर मिळते. सिडकोतल्या दहा बाय बाराच्या खोलीला 30-40 वॅट आरएमएस (म्हणजे सतत मिळणारी खरी ताकद) पुष्कळ झाले. खोक्यावरच्या ‘पीएमपीओ’ या क्षणभराच्या, फुगवलेल्या ताकदीच्या आकड्याकडे तर बघूच नका. कष्टाचा पैसा आधी स्पीकरवर घाला. ॲम्प्लिफायर पुढे सवडीने बदलता येतो.