कॉटनवर सबलिमेशन म्हणे ‘आयुष्यभर’ टिकतं!

सध्या एक रील जिकडे तिकडे फिरतेय. सबलिमेशन इंकने (तापवल्यावर वायू होऊन कापडात शिरणारी छपाईची शाई) साध्या हीट ट्रान्सफर पेपरवर, म्हणजे उष्णतेने डिझाइन कापडावर चिकटवणाऱ्या कागदावर, प्रिंट काढा, शंभर टक्के कॉटनच्या टी-शर्टवर दाबा, मग व्हिनेगर-मिठाच्या पाण्यात बुडवा, रंग आयुष्यभर जाणार नाही, आणि हे कंपन्या तुम्हाला कधीच सांगणार नाहीत! माझ्या मावसबहिणीने ती बघून चक्क कॉटनच्या टी-शर्टची ऑर्डर घेतली आणि वर मलाच विचारते, ‘व्हिनेगर कुठलं घेऊ?’ म्हणून हे लिहायला बसलोय.

आधी मुळातलं. सबलिमेशन इंकमध्ये असतात डिस्पर्स डाय नावाचे रंग. साधारण २०० अंश सेल्सिअसला ते वितळत नाहीत, थेट वायू होतात, त्याच उष्णतेने पॉलिएस्टरचा धागा आतून सैल होतो, वायू आत शिरतो, गार झालं की आतच अडकतो. कॉटन म्हणजे सेल्युलोज, पाणी पिणारा धागा, आणि हा रंग पाण्याशी फटकून वागणारा. कलर इंडेक्स हा रंगांचा जगभर मानला जाणारा कोश उघडून बघा, त्यात डिस्पर्स डायची व्याख्याच ‘पाण्यात जवळपास न विरघळणारे, पाणी न शोषणाऱ्या धाग्यांवर चढणारे रंग’ अशा अर्थाची आहे. १९२०च्या दशकात ॲसिटेट या कृत्रिम धाग्याच्या कापडावर कॉटनचे रंग चढेनात, म्हणून तर हा प्रकार शोधावा लागला. म्हणजे कंपन्यांनी काही लपवलेलं नाहीये बाबांनो, हे कित्येक वर्षं छापील आहे.

आता ते व्हिनेगर-मीठ. हे वाचून खरंच डोक्यात गेलं. व्हिनेगर लागतं लोकर, रेशीम, नायलॉनवर ॲसिड डाय चढवताना. मीठ लागतं कॉटनवर रिॲक्टिव्ह डाय चढवताना, तेही नुसतं नाही, सोबत धुण्याचा सोडा हवा, कारण रंग धाग्याला पक्का जोडला जातो तो सोड्यामुळे. दोन वेगळ्या कामांतल्या दोन वस्तू उचलल्या आणि तिसऱ्याच शाईवर ओतल्या, म्हणजे सर्दीचं आणि पोटाचं औषध एकत्र करून गुडघ्याला चोळल्यासारखं. जो रंग धाग्यात गेलाच नाही तो ‘लॉक’ कुठे होणार? रीलमध्ये बुडवल्यावर पाणी स्वच्छ दिसतं हा पुरावा म्हणे! अहो, रंग ट्रान्सफर पेपरच्या प्लास्टिकच्या थरात बसलाय म्हणून पाणी स्वच्छ आहे, व्हिनेगरने काय केलं त्यात?

विश्वास बसत नसेल तर एक करून बघा. पांढऱ्या कॉटन टी-शर्टवर थेट सबलिमेशन प्रेस करा, डिझाइन मुद्दाम शिवणीवरून जाऊ द्या, आणि साबणाने दोन-चारदा धुवा. कापड फिकट, मळकट होत जातं, आणि शिवणीचा दोरा मात्र तसाच झगझगीत राहतो, कारण दोरा बहुतेक वेळा पॉलिएस्टरचा असतो. एकाच शर्टावर दोन्ही उत्तरं.

कमेंटमध्ये कुणीतरी अजून अक्कल पाजळलीय, आधी कापडावर हेअरस्प्रे मारा म्हणजे कोटिंग होतं. हे मात्र हसण्यावारी नेऊ नका. हेअरस्प्रेत अल्कोहोल असतं, कॅनमध्ये बऱ्याचदा पेट घेणारा गॅस, आणि ते ओलं कापड तुम्ही २०० अंशाच्या प्लेटखाली घालणार. आणि एवढं करून मिळतं काय, तर केसांवरून शाम्पूने निघून जावा म्हणूनच बनवलेला थर.

असे आणखीही सल्ले फिरतात. ‘टेम्परेचर आणि वेळ वाढवा, रंग आत जातो’, नाही जात, कापड पिवळं पडतं. ‘कुठल्याही प्रिंटरमध्ये चालते’, नाही चालत, ज्या प्रिंटरचं हेड शाई तापवून उडवतं त्यात ही शाई घालू नये. काळ्या शर्टाचं तर बोलायलाच नको, या शाईत पांढरा रंग नसतो, मग काळ्यावर डिझाइन दिसणार कसं?

बरं, थोडं खरं आहे ते मान्य करतो. ट्रान्सफर पेपरच्या थरात रंग काही दिवस बरा दिसतो. डीटीएफची (फिल्मवर छापून कापडावर चिकटवायची पद्धत) चिकट पावडर टाकून किंवा पॉलिएस्टरचं व्हायनल, म्हणजे कापडावर चिकटणारी शीट, लावून केलं तर त्याहून बरं टिकतं, आणि कॉटन-पॉलिएस्टर मिक्स कापडावर फिकट, जुनाट लूक येतो, तो काहींना आवडतोही. पण यातल्या एकातही रंग कॉटनमध्ये जात नाही, तो मधल्या थरात नाहीतर पॉलिएस्टरच्या धाग्यात असतो. आणि कॉटन म्हणून गिऱ्हाईक इस्त्री कडक लावणार, लेबलवरचे तीन ठिपके म्हणजे साधारण २०० अंशांपर्यंत, म्हणजे नेमकं जिथे ही शाई परत वायू होते तिथेच. मग थर चिकटतो, डिझाइनच्या कडा पसरतात आणि इस्त्रीखालच्या चादरीवर तुमचं डिझाइन फुकटात उमटतं.

बहिणीला सांगितलंय, ऑर्डर कॉटनचीच असेल तर डीटीएफ नाहीतर स्क्रीन प्रिंटिंग करून घे, नाहीतर गिऱ्हाइकाला स्पष्ट विचारून पांढरा पॉलिएस्टर शर्ट दे. शाई आणून ठेवलीच आहे तर मगवर वापर, फक्त तो सबलिमेशनचं कोटिंग असलेला घे, साध्या चिनी मातीच्या मगवरही ती बसत नाही.