दूरचं की जवळचं?

मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायचं असतं, एवढंच ज्ञान मला वारशाने मिळालं होतं. म्हणून निदान होताच मी जाणकाराच्या थाटात विचारलं, "पिकलाय का?" डॉक्टर म्हणाले, "पिकवायचा कशाला? आंबा आहे का तो? जास्त पिकला की दगड होतो, फोडताना आम्हालाच त्रास."

मी मनाची तयारी केली होती ऑपरेशनची. पेपर निघाला भलताच. "लेन्स कुठली बसवायची, ते तुम्ही ठरवा." अहो, मी आजवर स्वतःच्या शर्टाचं कापडसुद्धा ठरवलेलं नाही. आणि शर्ट निदान बदलता तरी येतो!

समजावून सांगायला एक मॅडम होत्या. मोनोफोकल म्हणजे एकच अंतर स्पष्ट, बाकीला चष्मा. मल्टिफोकलमध्ये दूरचंही दिसतं, जवळचंही. पण उजेडाची वाटणी होते, त्यामुळे रात्री दिव्यांभोवती कडी दिसू शकतात. "म्हणजे देवाच्या तसबिरीतली प्रभावळ?" मी विचारलं. त्या हसल्या नाहीत. रोज ऐकत असाव्यात. टोरिक असते बुबुळाचा गोलवा वाकडा असणाऱ्यांसाठी. माझ्यात वाकडेपणा किरकोळ निघाला. घरी हे अभिमानाने सांगितलं तर ही म्हणाली, "नीट मोजलंय ना?"

मोजतात मात्र फार बारकाईने. हनुवटी टेकवून, पापणी न लववता बसायचं आणि यंत्राने डोळ्याची लांबी घ्यायची. साधारण डोळा 23.5 मिलिमीटरचा. त्यात एका मिलिमीटरची चूक झाली तर नंबरात अडीच-तीनाचा फरक पडतो.

मग आला खरा प्रश्न. "दूरचं स्पष्ट हवं की जवळचं?"

मी जन्माचा उणे पाचवाला. रात्री चष्मा काढून, पुस्तक वीतभरावर धरून लोळत वाचणं हे माझं एकमेव ऐश्वर्य. दूरची लेन्स घेतली तर नेमका तिथेच चष्मा लागणार. मित्र म्हणाला, "दूरचीच घे, गाडी चालवतोस." मेहुणा म्हणाला, "दाजी, आता कुठे जायचंय? जवळचीच घ्या." यातलं आपुलकीचं किती आणि टोमणा किती, यावर माझे दोन दिवस गेले.

धीर यावा म्हणून वाचायला बसलो. विमानाच्या छताच्या प्लास्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले तरी डोळा ते निमूट सोसतो, हे लंडनचे डोळ्यांचे डॉक्टर हॅरोल्ड रिडली यांनी महायुद्धात पाहिलं. त्यावरून 1949 मध्ये त्यांनी पहिली लेन्स बसवली. त्या पहिल्या बाईंचा नंबर नंतर उणे 18 निघाला. म्हणजे इतका अभ्यास करूनही असं! मी वाचन थांबवलं आणि गाडीकडे बघून दूरची घेतली.

ऑपरेशनचं सांगण्यासारखं फार नाही. थेंब टाकून डोळा बधिर केला, वर तीन दिवे पाण्यात हलल्यासारखे डुलत राहिले, पंधरा मिनिटांत सुटका. मिटलेली छत्री दारातून न्यावी तशी लेन्स घडी करून अडीच-तीन मिलिमीटरच्या फटीतून आत नेतात आणि ती आत उघडते.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. समोर दोरीवर माझा शर्ट. उजव्या, नव्या डोळ्याने पाहिला, पांढराशुभ्र. डाव्याने पाहिला, चहात बुडवल्यासारखा. उजवा, डावा, उजवा, डावा. पिवळा पडतो म्हणून दोन वर्षांत मी कपड्यांची पावडर तीनदा बदलायला लावली होती. मी डोळे मिचकावणं बंद केलं, पण उशीर झाला होता. ही बघत होती.

आता जुन्या चष्म्याची उजवी काच काढून फिरतोय. डावीकडे काच, उजवीकडे भोक, आणि दोन डोळ्यांना जग दोन मापांचं. तपासणीला गेलो तर डॉक्टर म्हणाले, "डावाही लवकर करून टाकू. त्याला काय, दूरचं की थोडं जवळचं?"

मी म्हटलं, "विचार करून सांगतो."

हिने पर्समधून चिठ्ठी आणि पेन काढलं. "त्यांचं चालू द्या, डॉक्टर. तुम्ही तारीख सांगा."