युद्ध चालेल, पण फार नको

वाचनगटासाठी युद्धकाळातलं पुस्तक निवडायची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडली असेल, तर अजिबात घाबरू नका. आधी मुखपृष्ठावर पाठमोरी बाई शोधा. लाल कोट, हातात छोटी सूटकेस, समोर धुकं किंवा रेल्वेचे रूळ आणि वर आकाशात दोन-तीन विमानं. विमानं पक्ष्यांएवढीच हवीत. मोठी दिसली की ती खरंच बॉम्ब टाकतील असं वाटतं आणि मतं जातात. बाई सापडली की निम्मं काम झालं. आत काय आहे हे कुणी विचारत नाही. आमच्या गटाने नुकतंच असं एक पुस्तक व्हॉट्सॲपवर मतदान घेऊन दणदणीत बहुमताने निवडलंय, त्यामुळे अनुभवाचे बोल समजा.

नावात 'ऑशविट्झ', म्हणजे नाझींची ती छळछावणी, असेल तर सोन्याहून पिवळं. त्याच्या जोडीला एखादा व्यवसाय हवा: ग्रंथपाल, सुईण, फोटोग्राफर. हल्ली या नावांची पुस्तकं इतकी झाली आहेत, की ती छळछावणी होती की रोजगार मेळावा, असा प्रश्न पडावा. कुंपणाच्या तारेआडून जमलेलं प्रेम असेल तर उत्तमच. ऑशविट्झच्या स्मारक-संग्रहालयाने २०२० मध्ये 'द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज' या, छावणीच्या कुंपणाआडून जमलेल्या दोन पोरांच्या मैत्रीच्या कादंबरीबद्दल जाहीर सांगितलं होतं, की होलोकॉस्टचा, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचा, अभ्यास करणाऱ्यांनी आणि तो शिकवणाऱ्यांनी हे पुस्तक टाळावं. पण त्यांचं काय ऐकायचं? ते तिथे फक्त काम करतात.

टॉलस्टॉयचं जाडजूड 'वॉर अँड पीस' यादीत कायम असू द्या. यादीत, हातात नव्हे.

'सत्य घटनेवर आधारित' हा शिक्का दिसला की पुढची चौकशी बंद. मिशा डेफोन्सेका या बाईंनी १९९७ साली आठवणी छापल्या. लहानपणी आई-वडिलांच्या शोधात युद्धातला युरोप पायी तुडवला आणि वाटेत लांडग्यांनी सांभाळलं, असं त्यात होतं. लोक ढसाढसा रडले. २००८ मध्ये बाईंनी कबूल केलं की सगळं बनावट आहे, त्या ज्यूसुद्धा नव्हत्या. पण रडू तर खरं होतं ना! मग झालं तर.

पुस्तक पातळ हवं, हे ओघानेच आलं. विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' पातळच आहे, १९३९ चं, युद्ध तोंडावर आलेल्या युरोपातून निघालेल्या बोटीवरचं, आणि त्यात प्रेमही आहे. पण ते 'अभ्यासाला होतं ना' म्हणून बाद झालं.

कोण जिंकतंय तेही आधी बघून घ्या. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन सैनिकांवरच्या 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट'वर आमच्यातल्या एका गृहस्थांचा आक्षेप होता की यात नुसती पोरं मरतात, पराक्रम असा काही नाहीच. १९३३ मध्ये बर्लिनच्या चौकात ते पुस्तक जाळणाऱ्या नाझींचं म्हणणं फारसं वेगळं नव्हतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेवट 'पॉझिटिव्ह' हवा. मी मूर्खासारखं स्वेतलाना अलेक्सियेविच यांचं 'द अनवुमनली फेस ऑफ वॉर' सुचवलं. सोव्हिएत सैन्यातून लढलेल्या बायकांच्या तोंडून आलेलं युद्ध. एकीने फोनवर परीक्षणाच्या पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि निकाल दिला: "फारच डिप्रेसिंग वाटतंय गं. काहीतरी होपफुल बघू या ना." अंगठे आले, बदामही आले. त्या पुस्तकात एक बाई सांगते, की युद्धात सगळ्यात भयंकर काय होतं असं विचारणाऱ्यांना वाटतं मी 'मरण' म्हणेन. तर नाही. पुरुषांच्या चड्ड्या घालून वावरणं! मग सरहद्द ओलांडल्यावर पोलंडमधल्या पहिल्याच गावात त्यांना पहिल्यांदा बायकांचे आतले कपडे मिळाले. ही आठवण ती हसत हसत सांगते, आणि समोर बसलेल्या लेखिकेला विचारते, तू हसत का नाहीस, रडतेस कशाला? यात डिप्रेसिंग काय आहे? आणि असलं तरी काय बिघडलं?

होपफुल म्हणे! इटालियन लेखक प्रिमो लेवी ऑशविट्झमधून जिवंत परत आले, तिथलं सगळं लिहून काढलं, तर एका बड्या प्रकाशनसंस्थेने ते हस्तलिखित नाकारलं. १९४७ मध्ये एका छोट्या प्रकाशकाने २,५०० प्रती काढल्या, त्याही सगळ्या खपल्या नाहीत. नाकारणाऱ्यांना जाग येऊन त्यांनी ते छापलं १९५८ मध्ये. बर्लिन पडलं तेव्हा एका बाईने एप्रिल ते जून १९४५ ची डायरी लिहिली. रशियन सैनिकांनी बायकांचं काय केलं, पोटासाठी आणि जिवासाठी कोणाशी कसं जुळवून घ्यावं लागलं, सगळं थंड डोक्याने लिहिलं. १९५९ मध्ये ती जर्मन भाषेत छापली गेली तर लोक उलट तिच्यावरच धावून गेले, जर्मन स्त्रियांची अब्रू घालवली म्हणून! तिने जिवंत असेपर्यंत पुन्हा छापू दिलं नाही. ते पुस्तक पुन्हा आलं २००३ मध्ये, ती गेल्यावर, तेही लेखिकेच्या नावाशिवाय. तेव्हाच्या त्या वाचकांनाही होपफुलच हवं होतं हो! तुम्ही काही वेगळं मागत नाही आहात.

बास झाले सल्ले. वाचवत नसेल तर तसं सांगा. त्रास होतो म्हणा, मध्येच मिटून ठेवा, भांडा, दुसरा विषय घ्या. कुणी जबरदस्ती केलेली नाही. पण कोणाचं तरी मेलेलं पोर, कोणाची तरी लुटलेली अब्रू, हे सगळं आपल्याला दोन तास बरं वाटावं म्हणून कुणी लिहून ठेवलेलं नाही. आणि जे इतक्या बहुमताने निवडलंत, ते तरी उघडा की! मत देणाऱ्यांपैकी निम्म्यांनी पहिलं पान उलटलेलं नाही, मला पक्कं माहीत आहे. चर्चेच्या दिवशी "किती धीराची माणसं ना!" म्हणून पाच मिनिटांत मुलांच्या ॲडमिशनवर येणार असाल, तर त्याला पुस्तकाचं निमित्त कशाला लागतं? सरळ गप्पा मारायला बोलवा. मीही येईन.