अडीच रुपयांत गॅसही भरा, भाजीही आणा!

शाळेच्या पोषण आहाराची यादी भिंतीवर रंगवलेली पाहिली की वाटतं, लेकरं कुण्या लग्नात जेवताहेत. भाजी पुलाव, मटार पुलाव, सोयाबीन पुलाव, मोड आलेल्या मटकीची उसळ, मूग-शेवगा वरण-भात, नाचणीचं सत्त्व, तांदळाची खीर. भिंतीवर ठीक आहे हो. पण हे शिजवायचं कशावर आणि कशाच्या भरवशावर, ते कोणी रंगवलं नाही.

एकदा हिशोबच मांडू. पहिली ते पाचवीच्या लेकरामागे रोजचा तांदूळ १०० ग्रॅम, डाळ-कडधान्य २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. तांदूळ सरकारचा. वरच्या खर्चाला १ मे २०२५ पासून ६ रुपये ७८ पैसे. त्याआधी ६ रुपये १९ पैसे होते, म्हणजे वाढ झाली ५९ पैशांची आणि ती सांगितली अशी की जणू शाळेत सोनं वाटलं. यातला मोठा हिस्सा डाळ, तेल, तिखट-मीठ पुरवणाऱ्या ठेकेदाराकडे जातो. गावातल्या शाळेच्या हाती इंधन आणि भाजीपाल्यासाठी उरतात जेमतेम अडीच रुपये.

पटावर चाळीस लेकरं असली तर रोजचे झाले शंभर रुपये. घरगुती सिलिंडर २०२५ च्या भावानं धरला तर साडेआठशे-नऊशेच्या घरात. चाळीस जणांचा भात आणि वरून उसळ किंवा वरण, असा दोन भांड्यांचा सैपाक रोज केला तर एक सिलिंडर बारा-पंधरा दिवस पुरतो. म्हणजे साठ-सत्तर रुपये गॅसच खातो. राहिले तीस-चाळीस. तेवढ्यात भाजी आणायची दोन किलो. सतरा-अठरा रुपये किलोनं पावसाळ्यात कोणती भाजी मिळते ते सांगा, आठवडी बाजारात पिशवी घेऊन आम्हीच येतो. बरं, हे शंभर रुपयेही रोज हातात पडत नाहीत. आधी खिशातून घाला नाहीतर दुकानदाराकडे उधारी ठेवा, मग दोन-तीन महिन्यांनी बिल निघालं तर निघालं. दुकानदार पहिल्या महिन्यात गुरुजी म्हणतो, तिसऱ्या महिन्यात हाकच मारत नाही.

मग लोक म्हणतात चुलीवर करा. करा ना! कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या, म्हणजे वाळल्या काड्या, गावात फुकट मिळतात, हे खरं. पण जुलैत त्या ओल्या झाल्या की धूर थेट वर्गात. पाढे म्हणता म्हणता लेकरं खोकतात. आणि कोणी तपासणीला आलं की पहिला प्रश्न हाच, गॅस का नाही वापरत?

मटकीची गोष्ट तर ऐकाच. मोड आणायचे म्हणजे मटकी आठ-दहा तास भिजवायची, पाणी निथळायचं, ओल्या फडक्यात बांधून आणखी बारा तास तरी ठेवायची. सोमवारी सकाळी मोड हवे असतील तर शनिवारी रात्री भिजत घालावी लागते आणि रविवारी सकाळी बांधावी लागते. रविवारी शाळेला कुलूप. सैपाक करणाऱ्या बाईंनी धान्य घरी न्यावं म्हटलं, तर शाळेचं धान्य बाहेर गेलंच कसं म्हणून वेगळी चौकशी. जूनच्या उकाड्यात फडकं दोनदा धुतलं नाही तर मटकी आंबते, बुळबुळीत होते, वास मारते. जानेवारीत थंडीनं मोडच फुटत नाहीत, नुसती फुगून बसते. म्हणून मोडाचा दिवस सोमवारी ठेवूच नका. बुधवार-गुरुवार धरा आणि थंडीत फडकं कोमट पाण्यातून पिळून घ्या. एवढं साधं गणित वेळापत्रक करणाऱ्याला सुचू नये?

यादीत अकलेची गोष्ट एकच, शेवगा. तो कुंपणाला उभा असतो, पैसे मागत नाही. शेंग पहिलीच्या पोरांना चावता येत नाही, पण पाला वरणात टाकला तर कोणाला कळतही नाही. नाचणीचं मात्र समजत नाही. पश्चिम विदर्भात ज्वारी पिकते, ज्वारीच खातात. इथं नाचणी म्हणजे पाहुणी. सत्त्व आधी थंड पाण्यात कालवून घ्यावं लागतं, नाहीतर उकळत्या पाण्यात गुठळ्या होतात. हे सांगायला कोणी आलं नाही. गुठळ्या झाल्या, लेकरांनी थुंकल्या, ठपका बाईवर.

आणि अंडं. नोव्हेंबर २०२३ मध्ये मोठ्या थाटात आठवड्यातून एक अंडं सुरू झालं, न खाणाऱ्याला केळं. त्या दिवशी हजेरी वाढते, हे कोणत्याही मास्तरला विचारा. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं सांगितलं, अंड्याला आणि साखरेला आता पैसा नाही. करायचंच असेल तर लोकसहभागातून करा. चाळीस अंडी सात रुपयांनी धरली तरी आठवड्याला २८० रुपये, महिन्याला अकराशेच्या वर. लोकसहभाग कोणाचा, बाप्पा? २०२५-२६ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता आणि व्यापाऱ्यानं त्याच्या खाली बोली लावली. ज्या बापानं ते विकलं त्याचंच लेकरू या पंगतीत बसलं आहे. त्याच्याच दारात वर्गणीचं पुस्तक घेऊन जायचं, की तुमच्या पोराला अंडं द्यायचं आहे, पैसे काढा?

माल येतो तेव्हाचा तमाशा वेगळाच. टेम्पो येणार कधी, कोणी सांगत नाही. आला की ड्रायव्हरला घाई, पावतीवर सही मारा म्हणतो. मारू नका. पोतं पन्नास किलोचं लिहिलेलं असतं, त्यात बारदानाचंच वजन अर्धा किलोच्या वर. दहा पोत्यांत पाच-सहा किलो हवेत गेले, म्हणजे चाळीस लेकरांचा दीड दिवसाचा भात. शाळेत वजनकाटा नसेल तर किराणा दुकानातला आणा, पण एकेक पोतं मोजा आणि जेवढं कमी भरलं तेवढं त्याच पावतीवर लिहून मग सही करा. नंतर फोन करून काही होत नाही. पुढं सोंडे किडे लागतात, उंदीर पोतं फोडतात, भिंतीला टेकलेलं पोतं पावसाळ्यात ओल धरतं. नोंदवहीत मात्र रोज बरोबर चार किलो तांदूळ, आठशे ग्रॅम डाळ, दोनशे ग्रॅम तेल वजा. उंदरानं किती खाल्लं याला रकाना नाही. पोती लाकडी फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, यापलीकडे उपाय नाही.

तांदळाचं आणखी एक. पोषक केलेला तांदूळ शाळेत आला तेव्हा त्यात शंभर दाण्यांमागे एक दाणा वेगळा दिसायचा, कधी पाण्यावर तरंगायचा. गावात बोंब झाली की प्लास्टिकचा तांदूळ आला. बायांनी तो दाणा निवडून फेकला. अरे, लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ त्याच दाण्यात असतं! पोत्यासोबत एक साधा मराठी कागद दिला असता तर हे झालं नसतं. असा तांदूळ पोत्यात असला तर तो दाणा फेकू नका, तांदूळ चार-चारदा चोळून धुऊ नका, भाताचं पाणीही ओतून देऊ नका.

सैपाक करणाऱ्या बाईंबद्दल बोललं की डोकंच तापतं. मानधन महिन्याला अडीच हजार, तेही वर्षातले दहाच महिने आणि तेही थकलेलं. शाळेचे चोवीस दिवस धरले तर रोजचे जेमतेम शंभर-एकशेचार. निंदणाला गेली तरी याच्या दुप्पट मिळतात. मग सोयाबीनची सवंगणी आणि कापसाची वेचणी सुरू झाली की ती शेतात जाते. काहून जाणार नाही? त्या दिवशी खिचडी कोण शिजवतं, हे कोणत्याच ॲपमध्ये भरता येत नाही.

ॲप तर रोज भरायचंच. किती जेवले, आजच भरा. नाही भरलं तर त्या दिवसाचं बिल गेलं. नेटवर्क तलावाच्या पाळीवर मिळतं, शाळेत नाही. जेवणाआधी अर्धा तास चव घ्या, वहीत शेरा लिहा, नमुना झाकून चोवीस तास ठेवा. नियम चुकीचा नाही, विषबाधा झाली तर त्या नमुन्यानंच कळतं. पण शाळेत मास्तर दोन, वर्ग चार. त्यातला एक २०२७ च्या जनगणनेच्या कामाला गेला की उरलेल्यानं चव घ्यायची, फळ्यावर लिहायचं की पाळीवर धावायचं?

आता पुढच्या सत्राची तयारी ऐका. विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडते, २०२५ ला २३ जूनला उघडली, आणि सुरुवातीचे दिवस सकाळपाळी असते. म्हणजे जेवण साडेनऊच्या सुमारास, चूल सहाला, बाई घरून साडेपाचला. सुट्टीत उरलेला तांदूळ उघडून उन्हात घालायचा, चाळायचा, टाकी धुवायची, शेगडीची नळी बदलायची, हे सगळं शाळा उघडायच्या आधी करायचं. कोणाच्या मजुरीतून, ते वरून आलेल्या पत्रात नाही. पत्रात आहे ते परसबागेचं. भाजीला पैसा कमी पडतो ना, मग शाळेत पिकवा! मे महिन्यात जिथं प्यायचं पाणी टँकरनं येतं तिथं वांग्याला पाणी घाला. कुंपणाला निधी मागितला तर म्हणे लोकसहभाग. स्पर्धा आहे, शनिवारपर्यंत फोटो पाठवा. रोपं बकरीनं खाल्ली असतील तर बकरीचा फोटो चालतो का, तेवढं कळवा.